दामाजीच्या डुक्कर फियाटचा टर्बो

मी टर्बोचार्जर बोलतोय. पाण्याचा पंप नाही, शंख नाही, पिठाच्या गिरणीचा सुटा भागही नाही. ठाण्याजवळच्या बाळकुमात या सगळ्या नावांनी मला हाक मारून झाली आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा जन्म जपानचा. तिथल्या एका लहान, चपळ गाडीत मी होतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर माझं एक चाक फिरवायचा आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायचं. जास्त हवा, जास्त जोर. मिनिटाला लाखभर गिरक्या घ्यायचो मी. घरातला पंखा पाचवर गेला की ज्यांना वादळ आल्यासारखं वाटतं, त्यांना हे सांगून काय उपयोग!

ती गाडी कशावर तरी आपटली आणि मी भंगाराच्या पेटीतून मुंबईला उतरलो. कुर्ल्याच्या बाजारात माझ्या एका बाजूला फुटकं बेसिन होतं, दुसऱ्या बाजूला मिक्सरची भांडी. येणारा प्रत्येक जण मला उचलायचा, आत बोट घालून चाक फिरवायचा आणि तोंड वाकडं करून खाली ठेवायचा. भोक दिसलं की त्यात बोट घालायचंच, ही इथल्या माणसांची खोड मी तिथेच ओळखली.

शेवटी डोंबिवलीच्या सुधीरनं मला ओळखलं. दिवसा एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या उघडून बसायचं, असा हा माणूस. त्यानं मला पुसलं, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाला, "एक नंबर पीस आहे." मला बरं वाटलं. मग त्यानं ज्या गाडीसाठी मला आणलं होतं ती दाखवली, आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

ती डुक्कर फियाट होती. पुढचं नाक डुकरासारखं, म्हणून हे नाव. तेही लोक कौतुकानं घेतात. चोपन्न सालचं इंजिन, चढ दिसला की खोकणारं. मागच्या सीटला चिखलातल्या निवटीचा आणि कोळंबीचा वास इतका मुरलेला की तो मला नळ्यांमधून यायचा. मालक दामाजी कोळी, बाळकुमचा. खाडीत मासे धरायचे आणि बायको मालूला टोपल्यांसकट ठाण्याच्या बाजारात सोडायचं, एवढंच या गाडीचं आयुष्य.

अशा गाडीला मी कशाला हवा होतो, ते शेडमधल्या गप्पांतून कळलं. दामाजीच्या मुलीचा, मालनचा साखरपुडा होता. नवरा मुलगा आनंद ठाकुर्लीचा, रेल्वेत नोकरीला. पाहुण्यांना दामाजी हौसेनं आपल्या गाडीतून आणायला गेला आणि कशेळीच्या पुलाच्या चढावर गाडी बसली. कडक इस्त्रीच्या पँटी घातलेल्या पाहुण्यांनी उतरून धक्का मारला. आनंदचा काका महिपत घाम पुसत म्हणाला, "पाठवणीला आमची गाडी येईल. सुनेला ढकलत न्यायची पद्धत नाही आमच्यात."

दामाजीला ते झोंबलं. चार माणसांत बोलून बसला, "पोर माझीच गारी नेल. तुमच्या दारापावत."

म्हणजे एका माणसाच्या हट्टापायी मला, जपानहून आलेल्याला, त्या खोकणाऱ्या इंजिनाला जुंपलं गेलं. मालूनं मला पाहून विचारलं, "यो शंख कशाला?" आणि उत्तराची वाट न बघता हळदकुंकू लावलं. पहिल्याच फेरीत ते कुंकू करपून काळं झालं.

पण एक कबूल करतो, गाडी पळाली. कशेळीचा चढ तिनं असा घेतला की दामाजी स्टेअरिंगवर थापा मारून ओरडला. पुलावरच्या एका टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं. इंजिन बिचारं आनंदात होतं. त्याला वाटत होतं की हे सगळं तेच करतंय.

सुधीरनं दामाजीला एकच गोष्ट बजावली होती. "काका, गाडी पळवून आणलीत की लगेच बंद नाही करायची. दोन मिनिटं नुसती चालू ठेवा. टर्बोला गार होऊ द्या."

"उब्या गारीला पेट्रोल पाजू?" दामाजी म्हणाला, आणि त्यानं सुधीरकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

हाच तो आजार. इथला गाडीवाला पेट्रोलचा थेंब वाचवायला काहीही करतो. उतार लागला, किल्ली बंद. फाटक पडलं, किल्ली बंद. समोर गाय बसली तरी किल्ली बंद. आपण केवढा संसार वाचवला अशा चेहऱ्यानं मग मिशीवर हात फिरवतो. माझा दांडा इंजिनाच्या तेलावर तरंगत असतो. इंजिन बंद झालं की तेल थांबतं, आणि मी तर लालबुंद, अजून फिरतोच आहे. आतलं तेल जागच्या जागी करपून त्याचा कोळसा होतो. दामाजीनं महिनाभर मला असं भाजलं. जोर हवा म्हणून मला आणायचं आणि चमचाभर पेट्रोलसाठी मला मारायचं, या अकलेला मी काय म्हणू?

लग्नाचा दिवस आला. दुपारी बाळकुमात लग्न लागलं, दिवे लागायच्या आत ठाकुर्लीत गृहप्रवेश करायचा होता. गाडीवर झेंडूच्या माळा, मागे मुंडावळ्या बांधलेले मालन आणि आनंद, स्टेअरिंगवर दामाजी. मागून वऱ्हाडाचा टेम्पो, आणि टेम्पोमागे महिपतची भाड्याची पांढरी अॅम्बॅसेडर. ती मुद्दाम रिकामी ठेवली होती. डुक्कर बसलीच तर असावी म्हणून.

भिवंडी मागे टाकली, कोन गाव टाकलं. दुर्गाडीच्या पुलाचा चढ आम्ही असा चढलो की अॅम्बॅसेडर मागे ठिपका झाली. दामाजी आरशात पाहून हसत होता. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? माझ्या अंगात कोळसा साचला होता, तरी मी फिरत होतो.

ठाकुर्लीला पोचलो आणि फाटक पडलं. रुळांपलीकडे आनंदचं घर. दारात उभी असलेली बायकामाणसं इथून दिसत होती. मी तापून लाल झालो होतो. मनात म्हटलं, आज तरी नको. दामाजीनं सवयीनं किल्ली फिरवली.

माझा दांडा आत जागच्या जागी आवळला. तेल अडवणारं सील फुटलं, तेल इंजिनात शिरलं. फाटक उघडलं तेव्हा दामाजीनं स्टार्टर मारला, पुन्हा मारला. निळा धूर आला, बाकी काही नाही. मागे हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. टेम्पो अडकला, आणि महिपत अॅम्बॅसेडरमधून उतरून चालत आला. त्यानं मागचं दार उघडलं.

"चल सूनबाई, उतर. आमच्या गाडीत बस. मी म्हटलंच होतं."

दामाजीनं मान खाली घातली. दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच होते. "जा बाय," तो हळूच म्हणाला.

मालन हलली नाही. "मी नाय उतरनार."

"अगं, तमाशा नको. सगळे बघतायत."

"बगू दे. माझ्या बाबानं या गारीसाठी होरी विकलीय. आयेला सांगितलंय डागडुजीला टाकलीय म्हनून." तिनं दार आत ओढून घेतलं. "मी हिच्यातनंच जानार."

होडी. मला वाटत आलं होतं की हा माणूस कंजूष आहे. ज्या होडीवर त्याचं पोट होतं ती देऊन त्यानं मला आणलं होतं, आणि वर पेट्रोल वाचवत होता, कारण आता खाडीतून काही येणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अडकलेल्या चाकासकट मी तसाच बसून होतो.

आनंद खाली उतरला. फेटा काढून त्यानं तिच्या मांडीवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि गाडीच्या मागे गेला. टेम्पोतलं बाळकुम उतरलं. फाटकवाला ओरडत होता, "लवकर काढा, गाडी येतेय!" सगळ्यांनी मिळून ती फियाट रुळांवरून पलीकडे नेली. शेवटी महिपतनंही एक हात लावला, दुसऱ्या हातानं धोतर सांभाळत. मालन दारापर्यंत बापाच्या गाडीतूनच गेली.

सुधीरनं मला नंतर काढलं. मी गेल्यावर इंजिन पूर्वीसारखं खोकत चालू झालं, त्याला माझी आठवणही नसेल. दामाजी आता काळुरामच्या होडीवर मजुरीनं जातो. त्या होडीला नांगर नव्हता, तर त्यानं माझ्या तोंडातून दोर ओवला आणि मला खाडीत टाकलं. बाळकुमात आता उंच इमारती उठतायत, त्यांचं सांडपाणी माझ्या अंगावरून जातं. ज्या चाकानं लाखभर गिरक्या घेतल्या त्यात निवटी राहते. यापेक्षा मोठा अपमान कुठल्याही यंत्राचा झाला नसेल.

कुणी हे वाचत असाल तर तुमच्याकडे एवढंच मागतो, गाडी पळवून आणलीत की दोन मिनिटं थांबा. माझं काय, भरतीचं पाणी जोर करतं, दोर ताणतो, वर दामाजी जाळं टाकत असतो. होडी परक्याची आहे. पण तो तिच्यात आहे तोवर मी चिखल सोडत नाही.