बुटांच्या दुकानातील पार्सल-केंद्र

चलनाचे मोल रोज घसरत होते, कारखान्यांना टाळे लागत होते, आणि घाऊक व्यापाऱ्यांनी उधारीचा हात आखडता घेतला होता. अशा विपरीत काळी बुटांच्या दुकानदाराने मात्र शहाणपण दाखविले, असे त्याच्या आप्तांचे मत पडले. ज्या ऑनलाइन कंपनीने त्याचे गिऱ्हाईक पळविले, तिच्याच पार्सलांचे वाटप-केंद्र त्याने आपल्या दुकानात उघडले. फळ्यांवरून बूट उतरले आणि परक्यांची खोकी चढली. त्या दलालीतून दुकानाचे भाडे कसेबसे निघू लागले.

तथापि त्याची जीभ दुकानदाराचीच राहिली. कुणी समोर बुटांचे खोके फोडले की, "काका, हा तळ महिन्याभरात तोंड उघडेल बघा," असे त्याच्या तोंडून निघून जाई, आणि माणूस माल तिथल्या तिथे परत करी. अखेरीस कंपनीच्या साहेबाचा फोन आला.

"तुमच्याकडूनच एवढा माल परत का येतो हो? सल्ले द्यायला ठेवलंय का तुम्हाला? आता एक जरी परत आला, तरी केंद्र काढून घेईन."

केंद्र गेले की दुकानही गेले, हे तो जाणून होता. त्या दिवसापासून तो मूग गिळून बसू लागला.

एके दुपारी त्याची धाकटी बहीण आली. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यामुळे त्याने पहारेकऱ्याची नोकरी धरली होती. दिवसभर फाटकाशी उभे राहणे आले. त्याच्यासाठीच तिने बूट मागविले होते.

"काय रे दादा, हमाल झालास की!" ती हसली. "फोड, बघू दे. तुझ्यासारखा पारखी फुकटात कुठे मिळणार?"

त्याने बूट हाती घेऊन वाकविला. वर रेक्झिन, आणि टाचेत निव्वळ पुठ्ठा.

"गप्प का? रोज रात्री ह्यांचे पाय शेकावे लागतात रे. खरं सांग, नाहीतर आत्ताच परत करते."

त्याने भिंतीलगतच्या खोक्यांकडे पाहिले.

"चांगले आहेत," तो म्हणाला.

"बघ! आणि इतकी वर्षं आम्हाला दुप्पट भाव लावलास. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाहीस, लबाडा!"

ती थट्टाच करीत होती. उघडलेले खोके वाटेत सुटू नये, म्हणून त्याने त्यावर चिकटपट्टी लावली, ती अंगठ्याने नीट दाबली, आणि ते तिच्या हाती दिले.