चारशे शाबासक्या

मित्रांनो, शिवाजी पेठेत वीरेशच्या मोबाइलच्या दुकानात कधी आलात, तर चार्जर आणि कव्हरांच्या गर्दीतून मान वर करून माळ्याकडे बघा. तिथे फुलाफुलांच्या कापडाखाली एक जुना, पिवळा पडलेला, मोठ्या ढेरीचा कॉम्प्युटर बसलेला दिसेल. तो मी. हल्लीचे कॉम्प्युटर पापडासारखे चपटे असतात म्हणे. असोत बापडे. आमच्या काळी अंगापिंडाने भरलेलं असणं शोभेचं होतं.

१९९७ साली राजारामपुरीतल्या एका खोलीत मला जुळवलं. पडदा एका खोक्यातून आला, की-बोर्ड दुसऱ्यातून आणि मेंदू पुण्याहून वर्तमानपत्रात गुंडाळून. वीरेशने मला रिक्षातून मांडीवर घेऊन घरी आणलं. त्याच्या आईला, चन्नम्माला, सगळी गल्ली अव्वा म्हणायची. अव्वाने माझ्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. ती पुसायचा धीर वीरेशला आठ दिवस झाला नाही. पहिली लग्नपत्रिका आम्ही त्या तीन रेघांच्या फटींतून डोकावून जुळवली.

ते दिवस सुखाचे होते. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, फुटबॉल स्पर्धेची हँडबिलं, सगळं माझ्या पोटातून निघायचं. लोक कागद उन्हात धरून म्हणायचे, "काय अक्षर हाय मशीनचं! रेघ न्हाय वाकडी." खंडेनवमीला मला झेंडूचा हार मिळायचा. कौतुकाने मी थोडा फुगलोही होतो, हे कबूल करतो.

दोन हजार साली वीरेशने मला फोनच्या तारेला जोडलं, आणखी तीन कॉम्प्युटर आणले आणि दारावर सायबर कॅफेची पाटी लावली. तारेतून जगाशी बोलायच्या आधी मी अर्धं मिनिट किंचाळत असे. अव्वा आतून ओरडायची, "त्येचं पोट दुखतंय काय रे?" मी सर्वांत जुना, म्हणून दाराजवळचा एक नंबर माझा. तिथून समोरचा कट्टा स्वच्छ दिसायचा.

त्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी यायच्या. गिऱ्हाईक समोर उभं, धार थेट पेल्यात आणि पेला फेसासकट तोंडाला. बायडाबाईची म्हैस कधी चुकायची नाही. नवरा लवकर गेला, त्या म्हशीवरच तिने एकुलत्या एका मुलाला वाढवलं. तो आकाराम सैन्यात सॅपर होता. पूल बांधायचे, वाटा करायच्या, वेळ आली तर जमिनीत सुरुंग पेरायचे, हे त्यांचं काम.

भरती होण्याआधी आकाराम तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. त्याचा जिवलग मित्र शिवप्रसाद उद्यमनगरात लेथवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मैदानाच्या कठड्यावर बसून घसा फोडायचा. पेठेची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मॅच संपली की कोपऱ्यावर उभं राहून स्वतःच्याच संघाला शिव्यांची आंघोळ घालायची. जो सगळ्यांत जवळचा, त्याला सगळ्यांत जास्त. आकारामच्या हातून गोल सुटला की शिवप्रसाद त्याची सात पिढ्यांची चौकशी करायचा. सकाळी दोघं एकाच कट्ट्यावर दूध पीत उभे. रात्रीचं बोलणं रात्रीच वाऱ्यावर गेलेलं असायचं.

२००१चा डिसेंबर उजाडला. दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि भारताचं आणि पाकिस्तानचं सैन्य सीमेवर समोरासमोर येऊन उभं राहिलं. सुट्टीवर आलेल्या आकारामला तार आली. तो अर्ध्या जेवणावरून उठून गेला. त्यानंतर त्याची दोन-दोन ओळींची पत्रं यायची. मी बरा आहे, तू म्हशीला जप, एवढंच.

बायडाबाईला अक्षरओळख नव्हती. पण माझ्या काचेत सगळ्या जगाचं बोलणं येतं, हे तिने ऐकलं होतं. एका संध्याकाळी ती पदराला हात पुसत दारात आली. "शिवा, लढाई हुतीया का न्हाय, ते ह्यात कळतंय म्हणं. बघ की जरा."

तेव्हापासून तो नेमच झाला. शिवप्रसाद कामावरून सुटला की माझ्यासमोर बसायचा, बातम्या आणि खाली लोकांनी लिहिलेलं वाचून सांगायचा. बायडाबाई उंबऱ्यावर बसून ऐकायची आणि जाताना त्याच्यापुढे दुधाचा पेला ठेवायची. एकच गोष्ट तिला हवी होती. पोरगा धडधाकट घरी यावा आणि चार लोकांनी त्याला नावाजावं.

असे दहा महिने गेले. ऑक्टोबरात एक दिवस सरकारने जाहीर केलं की सैन्य सीमेवरून मागे घेणार. लढाई झाली नाही. मला वाटलं, आता लोक पेढे वाटतील.

मराठी माणसांचं गप्पांचं एक पान होतं. तिथे त्या संध्याकाळी नुसता धुरळा उडाला. कोणी म्हणे शेपूट घातली, कोणी म्हणे तोंडाला पाने पुसली. पलीकडच्या देशाच्या पानावर तिकडचे लोक आपल्याच सरकारला तसंच धुऊन काढत होते. दोन्हीकडच्या शूरांचं म्हणणं एकच, की आपलेच लोक पळाले. बरं झालं, पोरं घरी येतील, असं लिहिणारे मोजके सापडले. त्यांना बाकीच्यांनी भित्रे ठरवलं. हे सारे वीर आपापल्या घरात पंख्याखाली बसलेले होते.

शिवप्रसादही तापला. बरोबरीत सुटलेल्या मॅचनंतर तापायचा, अगदी तसाच. त्याने माझी बटणं अशी बडवली की माझे दात हलले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "दहा महिने फुकटचं खाल्लं आणि एक गोल न मारता माघारी. लाज असेल तर अंगावरची वर्दी काढून ठेवा." खाली सही ठोकली. शिवा, शिवाजी पेठ, कोल्हापूर. मग हात झटकून हसत घरी गेला. त्याच्या लेखी तो कोपरा होता आणि सकाळ व्हायचीच होती.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई धावतच आली. "आलं न्हवं माझं पोरगं सुटून? लोकं काय म्हणत्यात रं?"

शिवप्रसादने पान उघडलं. चारशेच्या वर प्रतिक्रिया जमल्या होत्या. तो एकेक बघत खाली गेला. फुकटे. बुळे. पळपुटे. मध्येच त्याची स्वतःची आली. त्याचा चेहरा मी अगदी समोरून पाहिला, मित्रांनो. तो तसाच्या तसा माझ्या काचेत उमटला होता. उंबऱ्यावर ती माउली कान देऊन बसली होती.

"शाबासकी देत्यात, मावशी," तो म्हणाला. "चारशे जणांनी दिल्या."

"चारशे?"

"व्हय. म्हणत्यात, पोरांनी दहा महिनं उन्हातान्हात पाय रोवून काढलं. म्हणत्यात... त्यांच्या आयांचं पाय धरावं वाटतंय."

बायडाबाईने डोळ्यांना पदर लावला. त्या संध्याकाळी कट्ट्यावर जो येईल त्याला तिने दूध फुकटच पाजलं आणि प्रत्येकाला चारशेचा आकडा सांगितला.

चार दिवसांत त्या पानावरचे लोक दुसऱ्या विषयावर भांडायला निघून गेले. त्यांच्यापुरतं सगळं संपलं होतं. आकाराम मात्र आला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी वीरेशकडच्या फोनवर त्याचा आवाज आला. जे सुरुंग त्यांनी जमिनीत पेरले होते, ते आता एकेक करून हाताने काढायचे होते. वाळू सरकते, खुणा बुजतात, म्हणून वेळ लागत होता. फोन शिवप्रसादने घेतला होता. त्याने तो ठेवला आणि माझ्यापुढे बसून आपलीच ओळ पुन्हा उघडली.

मग त्याने वीरेशचा पिच्छा पुरवला. "माझं त्येवढं पुसून टाक की रं."

"मला न्हाय येत पुसाय. पान चालवणाऱ्यालाच जमतंय ते."

त्यांनी त्या माणसाला एक पत्र पाठवलं, मग दुसरं. उत्तर आलं नाही. माझ्या पोटातली वाटेल ती फाइल मी पुसली असती. पण ते लिखाण माझ्याकडे नव्हतंच. कुठल्यातरी परक्या मशीनवर ते खुशाल बसलं होतं आणि जो उघडेल त्याला दिसत होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आकाराम मार्चमध्ये आला. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. बायडाबाईने त्याला ओवाळलं, हाताला धरलं आणि थेट माझ्यापुढे आणून बसवलं. "वीरेश, दाव ह्येला ते चारशे. त्येच्या डोळ्यांनी वाचू दे."

वीरेश म्हणाला, आज लाइन बंद आहे. नेमकं तेव्हाच आतलं गिऱ्हाईक त्याच लाइनवरून कोणाशी तरी गप्पा ठोकत होतं. शिवप्रसाद दारात उभा होता. पळूनही जाता येईना. शेवटी वीरेशने पान उघडलं.

आकाराम वाचू लागला. उजव्या हाताने सावकाश खाली जात होता. एकही ओळ त्याने गाळली नाही. मी अडकून पडायचा खूप प्रयत्न केला. एरवी दिवसातून चारदा अडकायचो, त्या दिवशी मेलं ते जमेना. शिवप्रसादची ओळ आली. पेठेचं नाव आलं. आकारामचा हात थांबला.

"काय म्हणत्यात रं?" बायडाबाईने विचारलं. तिला पुन्हा ऐकायचं होतं, ह्या वेळी त्याच्या तोंडून.

आकारामने मागे वळून शिवप्रसादकडे पाहिलं. शिवप्रसादची मान खाली होती.

"शाबासकी हाय, आई," आकाराम म्हणाला. "समदी शाबासकीच हाय. आणि ही बघ, ही आपल्या शिवाची. सगळ्यात मोठी त्यानंच लिवल्या."

बायडाबाई उठली आणि तिने शिवप्रसादच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तो दाराच्या चौकटीला धरून लहान मुलासारखा रडला. तिला वाटलं, मित्र आला म्हणून रडतोय. तिने त्यालाच समजावलं.

आकारामने त्याला कधी काही विचारलं नाही. पुढे दोघं पूर्वीसारखे एकत्र दिसायचे. पण मॅच संपल्यावर शिवप्रसाद कोपऱ्यावर थांबेनासा झाला. सरळ घरी जायचा. पेठेतला सर्वांत मोठा आवाज असा बसला.

त्यानंतर लोकांच्या घरोघरी कॉम्प्युटर आले, मग खिशात फोन आले, कॅफे बंद झाला आणि मी माळ्यावर गेलो. वीरेश दर खंडेनवमीला मला खाली उतरवून पुसतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. धूळ मला सोसते.

मागणं आहे ते तुमच्याकडे, मित्रांनो. आम्ही मशीन मंडळी आज्ञाधारक आहोत. तुम्ही जे बडवाल ते आम्ही निमूटपणे उमटवतो आणि कुठेतरी लांब नेऊन ठेवतो, जिथे तुमचा हात पुन्हा पोचत नाही. म्हणून कोणाविषयी काही लिहिलंत, तर शेवटचं बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा. त्या माणसाची आई तुमच्या दारात उंबऱ्यावर बसली आहे, असं समजा. आणि लिहिलेलं तिला मोठ्याने वाचून दाखवा.