वर्ण: बावन्न नंबर

भवानी पेठेतल्या आमच्या वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर 'वर्ण' असा एक रकाना होता. त्यात गोरी, निमगोरी, गव्हाळ आणि सावळी असे चार पर्याय. काळी हा पर्याय नव्हता, कारण मंडळाच्या चाळीस वर्षांच्या नोंदीत काळी मुलगी एकही जन्मलेली नाही. माझी थोरली बहीण सिद्धेश्वरी, म्हणजे आमची अक्का, हिच्या फॉर्मवर 'सावळी' होतं आणि पुढं अव्वानं, म्हणजे आईनं, लिहिलं होतं, 'फोटोत जरा जास्त आलीय.'

जानेवारीत अक्काला जुळे सोलापूर भागातलं स्थळ आलं. शिवराज, बँकेत नोकरी. दोघं दोनदा फोनवर बोलले, दुसऱ्यांदा पावणेदोन तास. मग बघायचा कार्यक्रम झाला आणि त्याच्या आईनं, गौरम्मांनी, निरोप धाडला: मुलगी गुणाची हाय, पण उजेडात बघितल्यावर आमचं मन होईना.

अक्का चार दिवस नेहमीसारखी कामावर गेली. पाचव्या दिवशी तिनं मंडळाला अर्ज दिला की वर्णाचा रकाना अपमानकारक आहे, तो काढावा.

तातडीची सभा भरली. मंडळाचं टायपिंग मी करतो, म्हणून इतिवृत्तही माझ्याच गळ्यात.

"उद्या म्हशीलाबी काळी म्हणायचं न्हाय का?" ईरप्पाकाकांनी सुरुवात केली.

"म्हशीनं अर्ज दिला की बघू," अध्यक्ष सिद्रामप्पा म्हणाले. त्यांचा टॉवेलांचं सूत रंगवायचा कारखाना आहे. "माझ्या आजोबाला गोऱ्या साहेबानं क्लबात पाऊल टाकू दिलं न्हवतं."

"टाकलं होतं की. टॉवेल पोचवायला," काकांनी आठवण करून दिली.

"मागच्या दारानं. तवापासनं रंगाचा भेदभाव आमच्या घराण्याला सोसत न्हाय. म्हणून तर तिन्ही सुना गोऱ्या आणल्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ते लिहून घेतलं.

रकाना काढायला कुणी तयार होईना. शब्द तेवढे बदलू म्हणाले. 'सौम्य तेजस्वी' सुचवलं गेलं, 'उन्हाशी ओळख असलेली' सुचवलं गेलं, एकानं 'वर्ण: उत्तम, पण उशिरा कळणारा' असंही सुचवलं. शेवटी सिद्रामप्पांनी खिशातून कारखान्याचं शेडकार्ड काढलं. फिक्यापासून गडदपर्यंत एक ते साठ नंबर. नंबरानं कुणाचा अपमान होत नाही. एकमतानं मंजूर.

आता नंबर काढणार कोण? सिद्रामप्पांच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम अक्काच करते. त्यामुळं काम तिच्याकडंच आलं.

"काढते की," अक्का म्हणाली. "पण कारखान्याच्या पद्धतीनं."

पद्धत अशी. मुलगी असो वा मुलगा, सकाळी दहा ते बारा, उत्तरेच्या खिडकीपाशी, हात कोरडा. आणि आधी मास्टर नमुना ठरवायचा. रंग चांगला किंवा वाईट नसतो, तो मास्टरशी जुळतो किंवा जुळत नाही. तीन नंबर इकडं-तिकडं चालतं, बाकी नापास.

मास्टर कोण, यावर चर्चा झालीच नाही. अध्यक्ष असताना दुसरा कोण? सिद्रामप्पांनी बाही वर करून हात पुढं केला. अक्कानं कार्ड लावलं. बावन्न नंबर.

काय झालंय हे मंडळाला कळायला आठवडा लागला. ईरप्पाकाकांची गोरीपान नात आरोही अकरा नंबरची निघाली, म्हणजे नापास.

"माझ्या पोरीत कमी काय हाय?" काका विचारत होते.

"रंग," सिद्रामप्पा म्हणाले.

"नंबर म्हणा, अप्पा," मी सुधारलं.

एप्रिलात पेठेतल्या गच्च्या गोऱ्या मुलींनी भरल्या. सोलापूरचं त्रेचाळीसचं ऊन. आया तासातासानं येऊन त्यांना पालथं करून जात. मेडिकलवाल्याकडं गोरं व्हायचं क्रीम परत घ्या म्हणून रांग लागली. अक्का पन्नास नंबरची. तिला आठ स्थळं आली, तिनं आठही बाजूला ठेवली.

नववं शिवराजचं. गौरम्मा स्वतः त्याला घेऊन कारखान्यात आल्या; मंडळाच्या नोंदी टिपायला मी तिथंच होतो. मुळात हा माणूस अठरा नंबरचा. महिनाभर अंगाला तेल लावून उन्हात बसला होता. नाकाची सालं निघालेली, मान लाल, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा तसाच.

"असला लॉट आमच्याकडनं परत जातो," मी म्हणालो. अक्का हसली नाही. तिनं त्याचा हात खिडकीपाशी नेला आणि कामाला लागतो त्याहून जास्त वेळ धरून ठेवला.

"आईंनी नको म्हटलं त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"तेच विचारतेय."

तो सुताच्या गठ्ठ्याकडं वळला. "आईला वाईट वाटलं असतं," म्हणाला.

अक्कानं दाखला लिहिला: बावन्न, पास. गौरम्मांनी पिशवीतून नारळ काढला. तेवढ्यात अक्कानं दाखल्यावर शिवराजचा बायोडाटा ठेवून दोन्ही त्यांच्या हातात दिलं.

"नकार आहे."

"अगं, बावन्न आलाय की."

"व्हय. तेवढा मीच दिला. रंगावरनं नाकारलं असं उद्या कुणी म्हणायला नको."

"मग कशावरनं?"

"त्यांना विचारा."

गौरम्मा लेकाकडं वळल्या. लेक मनगटावरचा पांढरा पट्टा बाहीनं झाकत होता. अक्का आत हात धुवायला गेली. आमच्या भागात पाणी पाच दिवसांनी येतं, तरी नळ बराच वेळ चालू होता. त्या पाण्यावरनं तिला कुणी बोललं नाही.