पाण्यावरचे पूर्वज

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध काचेचं भांडं, त्यात कड्यासारखी गोल पाण्याची वाट आणि पाण्यावर कागदाच्या टिकल्या सैरावैरा धावत होत्या. कुणाचा हात नाही, वारा नाही. प्रत्येक टिकलीत म्हणे एकेक पूर्वज! मेल्यावरही माणसाची धावपळ सुटत नाही तर, असं विज्ञानाच्या बाईंच्या मनात आलं. पण शेजारी त्यांचा थोरला भाऊ, दादा, हात जोडून बसला होता. त्याचं हृदयाचं ऑपरेशन सोमवारवर आलं होतं आणि ते करायचं की नाही, हे आता टिकल्या ठरवणार होत्या.

"पूर्वजांचं एकमत होऊ द्या!" भांड्यामागे बसलेले बाबा, जलगुरू, डोळे मिटून म्हणाले. "जिवंतपणी झालं नाही, ते इथं होतं!"

आणि झालंच. धडकत, माघारी वळत साऱ्या टिकल्या हळूहळू एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरू लागल्या.

"सुलट फेरा! ऑपरेशन नको!" जलगुरू गरजले. फेऱ्याचा अर्थ ते फेरा सुरू झाल्यावरच सांगत. तेवढी खबरदारी ते घेत.

"छोटे, सुटलो गं!" दादाचे डोळे भरून आले.

बाई उठल्या. तेल लावलेल्या केसांतून बोट फिरवलं आणि पाण्यात बुडवलं. सगळे पूर्वज जागच्या जागी थिजले.

"अपवित्र हात!" जलगुरू ओरडले.

"तेलकट हात," बाई म्हणाल्या. अत्तराच्या घमघमाटातही त्यांना दुसरा वास आला होता. "टिकलीखाली कापूर आहे. तो पाण्यावर पसरतो, टिकली स्वच्छ पाण्याकडे ओढली जाते; तेलाचा थर पसरला की ती ओढच संपते. समोरून येणारी धडकून वळते, मागची पुढचीपासून अंतर राखते. शेवटी सगळ्या एका दिशेला लागतात. नेता लागत नाही, पूर्वज तर नाहीच."

"पूर्वज कोपलेत!"

"मग त्यांची समजूत काढू." बाईंनी भांडं खळखळून धुतलं, समोरच्या दुकानातून कापूर आणवला, नव्या टिकल्या सोडल्या. या वेळी फेरा उलटा पडला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. जलगुरूंना अचानक ध्यानाची वेळ आठवली.

दादा भांड्याकडे पाहतच राहिला. "मला भीती वाटते गं ऑपरेशनची."

"मलाही वाटते. चल, डॉक्टरांना विचारू. प्रश्न विचारला म्हणून ते अपवित्र ठरवत नाहीत. जो विचारूच देत नाही, त्याच्या हाती जीव देऊ नये, दादा."

डॉक्टरांनी तासभर बसून त्याच्या सगळ्या शंकांची उत्तरं दिली. सोमवारी दादा ऑपरेशनला गेला, तो बाईंचा हात घट्ट धरून. घाबरलेला होता, पण स्वतः ठरवून गेला.