धुमाळांचं थोरलं विमान

धुमाळांच्या घरी विमान दाखवायला आणलं तेव्हा त्याच्या दोन्ही पंखांवरून पदर घेतलेला होता आणि ते स्वयंपाकघराच्या दारातून बेताबेताने, चाकांचा आवाज होऊ न देता दिवाणखान्यात आलं. बरोबर धुमाळकाकी पोह्यांच्या बशांचा ट्रे घेऊन चालत होत्या. विमानाने पुढचं चाक पाटावर ठेवलं, नाक खाली घातलं आणि ते तसंच उभं राहिलं.

कुमुद रणनवरेला याचं नवल वाटलं नाही. राग मात्र आला. सकाळपासून आलेलाच होता, तो आता कपाळात जाऊन बसला. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी फ्लाइंग क्लबात जाऊन तिने लायसन्स मिळवलं होतं आणि आता तिला स्वतःचं एक विमान हवं होतं. लहानसं, दोन सीटचं, वापरलेलं चालेल. कशासाठी, तर उडायला. सुट्टीच्या दिवशी सकाळी वर जायचं, नदी कुठून कुठे जाते ते बघायचं आणि खाली यायचं. याहून जास्त कारण तिच्यापाशी नव्हतं आणि ते कोणाला सांगायची तिची इच्छाही नव्हती. पण साधी स्कूटर घ्यायची तरी बाईमाणसाने एकटीने जाऊ नये, हे तर विमान, असं म्हणून तिचा थोरला भाऊ, दादा, बरोबर आला होता. इथेच ती चुकली. घरातून निघतानाच त्याला ‘नको’ म्हणायला हवं होतं.

दादा समोरच्या भिंतीला टेकलेल्या, हातांच्या एकुलत्या एक खुर्चीत बसला होता. त्याने पोह्यांची बशी घेतली, लिंबाची फोड बाजूला ठेवली आणि म्हणाला, “कुमे, तू गप्प बस. बोलणं मी करतो.”

कुमुदच्या तोंडात उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं. त्याबरोबर दादाच्या पाठीमागची भिंत वीतभर पुढे आली. दादाची खुर्चीही भिंतीबरोबर पुढे आली. काकींनी मधलं टेबल जरा सरकवून घेतलं.

“नाव काय?” दादाने विमानाला विचारलं.

“लाजतंय जरा,” भाऊसाहेब धुमाळ म्हणाले. ते दारापाशी हात बांधून उभे होते. “आमचं धाकटं. लई गुणी बघा. आवाज म्हणून न्हाई.”

“आवाज नाही म्हणजे इंजिन चालत नाही,” कुमुद म्हणणार होती. पण दादाने डोळे वटारले आणि तिने तेही गिळलं. भिंत आणखी वीतभर आली.

“एकदा चालून दाखवा,” दादा म्हणाला.

विमान पाटावरून उतरलं, खिडकीपर्यंत गेलं आणि परत आलं. डावं चाक जरा फेंगडं पडत होतं. दादाने मान एका बाजूला कलती करून बघितलं आणि समाधानाने पोह्यांचा घास घेतला. कुमुदला ही कलती मान चांगली माहीत होती. ती बावीस वर्षांची असताना तिला पाहायला लोक यायचे, तेव्हा दादा असाच हातांच्या खुर्चीत बसायचा आणि पाहुण्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचा, “चाल बघून घ्या.” ती खिडकीपर्यंत जायची आणि परत यायची. तिच्या चालण्यात काही खोट नव्हती. लोक मात्र पोहे संपवायचे आणि परत यायचे नाहीत.

ती उठली आणि विमानाच्या पंखाखाली जाऊन तिने पदर वर केला.

“अगं, लोकांच्या घरी हात काय लावतेस?” दादा म्हणाला.

“बघायला आलो आहोत ना? मग बघते.”

भिंत चार बोटं मागे सरकली. कुमुदच्या ते लक्षात आलं. पण तिचं ध्यान पंखाकडे होतं. पंखावर पावडर फासलेली होती, चांगली वासाची. तिने ती रुमालाने पुसली. खाली ताज्या रंगाचा थर होता. तो नखाने खरवडला तर आतला पत्रा पांढरा पडून भुगा झालेला. मग तिने ट्रेमधलं पाण्याचं रिकामं फुलपात्र उचललं, पंखाखालच्या तोटीला लावलं आणि टाकीतलं थोडं पेट्रोल काढून उजेडात धरलं. तळाशी पाण्याचा जाड थेंब बसला होता.

“पेट्रोलमध्ये पाणी आहे,” ती म्हणाली. “पंख कुजलेत. वर गेलं की हे बंद पडेल आणि मी मरेन.”

दिवाणखाना दोन्ही टोकांनी ताणला गेला. दादा आणि भिंत बरेच लांब गेले. सतरंजी मात्र तेवढीच राहिली आणि तिच्यापुढे नवीन फरशी दिसू लागली.

“असं तोंडावर बोलू नये ओ ताई,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. विमानाचं नाक आणखी खाली गेलं. त्या बापड्याचा काही दोष नव्हता. त्याला नटवून बसवलं होतं, म्हणून ते बसलं होतं.

“मनावर घेऊ नका,” दादा लांबून म्हणाला. “हिला काय कळतंय? पुस्तकं वाचून आली आहे. रंग किती झकास आहे! आपल्याला पसंत आहे. सुपारी फोडा.”

कुमुदने त्याच्याकडे बघितलं. आत्ता इथे, लोकांसमोर, भांडायचं? तिने तोंड मिटून घेतलं. भिंत एकदम अशी आली की मधलं टेबल तिच्या गुडघ्यांना लागलं.

तेवढ्यात आतून कोणीतरी खाकरलं. खोकला नव्हता तो. थंड इंजिन एकदा धरतं आणि सोडतं, तो आवाज होता.

“आत कोण आहे?”

“कुणी न्हाई,” काकी म्हणाल्या.

“थोरलं हाय,” भाऊसाहेब म्हणाले. “त्येला दाखवत न्हाई आमी.”

दादा ओरडेपर्यंत कुमुद पडदा सारून आत गेली होती. स्वयंपाकघर धुराने काळं झालेलं होतं. चुलीच्या एका बाजूला भिंतीशी अंग चोरून एक जुनं विमान उभं होतं. रंग असा नव्हताच. दोन्ही पंखांवर उडदाचे पापड वाळत घातले होते. पंखांच्या टेकूंना लुगडी, टॉवेल आणि भाऊसाहेबांच्या बंड्या अडकवल्या होत्या. पुढचा पंखा सावकाश फिरत होता आणि त्याच्या वाऱ्यावर दुधाचं पातेलं निवत होतं. कुमुद आली तसा तो थांबला.

“हे शेवटचं कधी उडालं?”

“आमच्याकडं आल्यापासनं न्हाई,” काकी तिच्यामागून येत म्हणाल्या. “धाकट्याचं सगळं व्हायचंय अजून. आन घरचं बघायला कुणीतरी पायजे की.”

हे वाक्य कुमुदला पाठ होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दादाने असंच म्हटलं होतं, अगदी याच आवाजात, जसं काही तो पावसापाण्याचं बोलतोय. आणि कुमुदने आईचं सगळं केलं होतं. आईचा तिला कधी त्रास वाटला नाही. त्या ‘कुणीतरी’चा वाटला. त्या कुणीतरीला नाव होतं, शिक्षण होतं, आणि आज तर लायसन्सही होतं. तिला भयंकर राग आला. त्या रागातच तिने पापड बाजूला करून पत्रा तपासला. पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटा घट्ट होत्या, पांढरा डाग कुठे नव्हता. फुलपात्रात काढलेलं पेट्रोल स्वच्छ होतं. इंजिनाचं स्विच बंद असल्याची खात्री करून तिने पंखा हाताने फिरवून बघितला. प्रत्येक वेळी तो अडून उलटा रेटा द्यायचा. सगळ्या सिलिंडरमध्ये दम होता. इतकी वर्षं पातेली निववूनही होता.

ती बाहेर आली आणि म्हणाली, “मला थोरलं हवंय.”

“थोरलं द्यायचं न्हाई,” भाऊसाहेब म्हणाले.

“आणि सुपारी फुटली,” दादा म्हणाला. त्याच्या हातात अडकित्ता होता. “बोलणी झाली. तू आत होतीस. आता लोकांपुढे शोभा करू नकोस.”

कुमुदला वाटलं की ओरडावं. पण लहानपणापासून ‘शोभा’ हा शब्द ऐकला की तिचं तोंड आपोआप मिटायचं. तसंच मिटलं. खोली आकसली. भिंती आल्या, छत जरा खाली आलं. धाकटं विमान मुकाट्याने मागच्या दाराने अंगणात निघून गेलं. सगळ्यांची ढोपरं एकमेकांना लागली आणि बसायला पाटाखेरीज जागा उरली नाही. कुमुद पाटावर बसली.

“तसं आमालाबी विचाराय पायजे,” भाऊसाहेब घसा साफ करून म्हणाले. “विमान काय कुणाच्याबी हातात देत न्हाई आमी. ताईंचं वजन किती?”

हा प्रश्न फ्लाइंग क्लबात रोज विचारत. विमानात किती भार बसणार, ते बघावंच लागतं. तिथे ती बिनदिक्कत सांगायची. इथे तिच्याऐवजी दादानेच सांगितलं, आणि वर म्हणाला, “लग्नाच्या वयात बारीक होती.”

“चष्म्याचा नंबर?”

“तोही आहे.”

“सैपाक येतो?” काकींनी विचारलं.

“सगळा. आईचं पथ्यपाणी हिनेच केलं.”

“मग एकदा चालून दावा की,” भाऊसाहेब म्हणाले.

कुमुद दादाकडे बघत राहिली. आता तरी हा उठेल, म्हणेल की अहो, ही माझी बहीण आहे, आम्ही विमान घ्यायला आलो आहोत. दादाने मान एका बाजूला कलती केली.

“ऊठ, कुमे,” तो म्हणाला. “चालून दाखव.”

ती उठली. खिडकीकडे गेली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, दोन्ही हातांनी तिने पंखांवरचे पापड खाली लोटले, लुगडी आणि बंड्या ओढून काढल्या आणि दार उघडून आत बसली. सीटवर मिठाची बरणी ठेवली होती. ती तिने खाली ठेवली. मग स्विच चालू केलं, बटण दाबलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. चुलीतली राख उडून सगळं पांढरं झालं. काकी काहीतरी ओरडत होत्या. विमान अंग चोरूनच दारातून बाहेर पडलं. दिवाणखान्यात आल्यावर मात्र त्याने दोन्ही पंख पुरते पसरले. बाजूच्या भिंतींवरच्या तसबिरी धडाधड पडल्या. भाऊसाहेब सतरंजीवर पालथे झाले.

समोर दादा होता. भिंतीला पाठ, हातांची खुर्ची, हातात बशी. मध्ये जेमतेम दोन खाटांची जागा. एवढ्या जागेत कोणतंही विमान उडत नाही. हे कुमुदला कळत होतं, आणि खोली कशाने वाढते तेही आता कळत होतं.

तिने थ्रॉटल पुढे ढकलला आणि खिडकी उघडून ओरडली, “तो नाशिकचा मुलगा हो म्हणाला होता! तू परस्पर त्यांना ‘नाही’ म्हणून कळवलंस!”

भिंत सुटली. दादा खुर्चीसकट मागे गेला. फरशीवर फरशी येत राहिली आणि चाकं पळायला लागली.

“तुझ्या भल्यासाठीच!” दादाने ओरडून सांगितलं.

“आईच्या तेराव्याला आलास आणि तिच्या खोलीचं माप घेऊन गेलास! डोळ्यांत पाणी नव्हतं, हातात टेप होती!”

भिंत आणखी मागे. वेगाचा काटा हलला.

“लायसन्स मिळालं तेव्हा पेढे तू वाटलेस, आणि म्हणालास, कुमीला वयापरत्वे वेड लागलंय! मी तिथेच उभी होते! मीही हसले! तुझ्याबरोबर मीही हसले!”

आता खोलीचं टोक दिसेनासं व्हावं इतकी ती लांबली. तरी दादा दिसत होता. भिंत जेवढी मागे जायची तेवढं विमान पुढे यायचं, आणि पंखा आणि दादाच्या हातातली बशी यांच्यातलं अंतर तेवढंच राहायचं. त्याचे केस वाऱ्याने मागे गेले होते. पोहे मात्र त्याने हाताने झाकून धरले होते. “गप्प बस, कुमे,” तो म्हणत होता. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण हे शब्द तिला नुसत्या ओठांवरून कळायचे.

ती बोलत राहिली. मोठं, छोटं, आठवेल ते. सायकल दिली नाहीस. माझ्या ताटातलं काढून घेतलंस. आईला शेवटी तुझंच नाव आठवत होतं आणि तू फोन उचलला नाहीस. भिंत प्रत्येक वेळी मागे सरकली, पण दर वेळी जरा कमी. काटा हव्या त्या आकड्याला आला. आता एकच वाक्य उरलं होतं, आणि ते तिने आजवर मनातल्या मनातही पुरतं म्हटलेलं नव्हतं.

तिने दांडी अलगद मागे ओढली. विमानाचं नाक वर उचललं गेलं आणि दादा, खुर्ची, भिंत, सगळं नाकाखाली झाकलं गेलं. समोर फक्त छत दिसत होतं. छताला पाळण्याची कडी होती आणि ती भराभर मोठी होत होती. कुमुदने ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

समोरच्या काचेवर दादाच्या बशीतले मूठभर पोहे येऊन आपटले. मग लिंबाची फोड आली, काचेला चिकटली आणि वाऱ्याने हळूहळू वर सरकायला लागली.