हेक्टरमामाच्या मागावर

दोन ओढे मिळतात तिथे, कागदी सालीच्या थोराड झाडांखाली, हेक्टरमामाची गाडी उभी असायला हवी होती. नव्हती. रोविनाने पाठीवरची पिशवी उतरवली, पलीकडच्या काठावर दोनदा नजर फिरवली, आणि मागून येणाऱ्या चौघांना चेहरा दिसू नये म्हणून खाली वाकून उगाचच तोंडावर पाणी मारून घेतलं.

तीन दिवस ती ज्या ज्या गोष्टींना घाबरत होती, त्या सगळ्या सुरळीत पार पडल्या होत्या. मुलुख बघायला येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन कड्यावरून खाली संगमापर्यंत यायची ही वाट दरवर्षी मामा चालायचा. या वर्षी त्याचा उजवा गुडघा रुसला, आणि मामाने वस्तीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माझी भाची नेईल."

"मामा, मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग कशाला विचारू?"

"आणि पहिल्या ओढ्यावर आपल्या म्हाताऱ्यांना हाक कोण घालणार? मला धड बोलताही येत नाही."

"तूच घालणार. तुझ्या आईचा मुलुख आहे. तुझ्या घामाचा वास त्यांच्या ओळखीचा आहे. व्याकरण ते बघून घेतील."

रोविनाच्या आईला सरकारी माणसांनी लहानपणीच उचलून डार्विन शहरात नेलं होतं आणि ती पुन्हा कधी इकडे परतली नाही. रोविना परतली, तीसुद्धा अडतीस वर्षांची झाल्यावर. गेली आठ वर्षं मामा तिला भाषा शिकवत होता, तीही अशी की ती एक शब्द बोलली की तो आधी पोटभर हसायचा आणि मग दुरुस्त करायचा. तरी तिने परवा पहिल्या ओढ्यात उभं राहून, अडखळत का होईना, कड्यांमध्ये राहणाऱ्या पूर्वजांना हाक घातली होती. पाहुण्यांच्या डोक्यावर ओंजळीने पाणी ओतलं होतं. त्यानंतर कुणी घसरलं नाही, कुणाला साप दिसला नाही. केवड्याच्या बनातून, कमरेइतक्या पाण्यातून, निलगिरीच्या जंगलातून ती चौघांना अंगावर ओरखडाही न येता घेऊन आली होती. आणि आता, सगळं झाल्यावर, मामाच नव्हता.

तिने सॅटेलाइट फोन लावला. वस्तीवर मामीने उचलला.

"मामी, मामा निघाला का?"

"निघाला का म्हणजे? काल दुपारी जेवून निघालाय. संध्याकाळीच पोचतो म्हणाला. रोविना, तो तिथे नाहीये?"

"नाही."

"अगं, त्याच्या साखरेच्या गोळ्या… दुसरी गाडी दुकानाला गेलीय. ती आली की पोरांना धाडते. पण तीन-चार तास लागतील."

"धाड. मी पुढे जाऊन बघते."

चौघा पाहुण्यांत मॉइरा सगळ्यात मोठी होती, अडुसष्ट वर्षांची, चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून काढलेली. तिने न विचारता पाण्याची बाटली भरून घेतली. "मी येते."

"तुम्ही सावलीत थांबा. ऊन वाढतंय."

"त्याला काही झालं असेल तर तुला मी लागेन. झालं नसेल तर दोघी मिळून त्याला शिव्या देऊ."

रोविनाला नाही म्हणवेना. बाकीच्या तिघांना तिने चहा करून प्या म्हणून सांगितलं, खालच्या मोठ्या डोहाच्या काठाला जायचं नाही, तिथे मगर आहे, हे दोनदा बजावलं, आणि दोघी गाडीवाटेने निघाल्या.

थंडीची सुरुवात होती. कुसळी गवत वाळून आडवं पडलं होतं आणि ठिकठिकाणी लोकांनी ते जाळायला घेतलं होतं, त्यामुळे आभाळात पाच-सहा धूर उभे होते. प्रत्येकावर घारी घिरट्या घालत होत्या. मामाने धूर करून खूण केली असती तरी या सगळ्यांत ओळखू कशी येणार, असं तिच्या मनात आलं आणि तिने पावलं भराभर उचलली.

तासाभराने गाडी सापडली. वाळूच्या ओढ्यात मागची चाकं पार आसापर्यंत रुतली होती. मामाने चाकांखाली फांद्या घातल्या होत्या, त्या चिरडून गेल्या होत्या. पाण्याचा डबा अर्धा भरलेला. पुढच्या सीटवर गोळ्यांची डबी. दार सताड उघडं.

"गाडी सोडून जायचं नाही," रोविना दातओठ खात म्हणाली. "सगळ्या जगाला हेच शिकवतो. मलाही हेच शिकवलंय त्याने."

मॉइराने डबी खिशात टाकली. "पाऊलखुणा दिसतात?"

दिसत होत्या. डावं पाऊल स्वच्छ, उजवं फरपटलेलं, आणि शेजारी काठीचं गोल भोक. पण त्या खुणा संगमाकडेही जात नव्हत्या आणि वस्तीकडेही नाही. त्या सरळ डावीकडे, जंगलात शिरत होत्या. रोविना वाकून वाकून चालू लागली. खडकाळ जमिनीवर माग हरवला; तिने अर्धवर्तुळात फिरून तो पुन्हा पकडला. एका वारुळाला टेकून मामा बसून गेला होता, तिथे माती घासली होती. मग एक उतार लागला आणि पुढची सगळी जमीन काळी झालेली दिसली. कालचा जाळ. काही ओंडके अजून धुमसत होते.

राखेवर एकही पाऊल नव्हतं.

रोविना गुडघ्यांवर बसली. बोटांनी राख हलकेच बाजूला केली. खाली वाळू होती, आणि वाळूत काठीचं भोक. राखेच्या खाली.

"काय झालं?" मॉइराने विचारलं.

"तो आधी गेलाय. आग नंतर आली." तिचा स्वतःचा आवाज तिलाच परका वाटला. "त्याच्या मागून."

या दिवसांतली आग काही मोठी नसते. गुडघाभर ज्वाळा, धावत्या माणसाला उडी मारून ओलांडता येतात. पण धावता येईल त्याला ना. तिच्या डोळ्यांसमोर तो फरपटलेला पाय आला. सिगारेटच्या धुरानेही खोकणारा मामा. तिला वस्तीवर जाऊन मामीला काय सांगायचं याचे शब्द सुचू लागले आणि ते सुचताहेत याचीच तिला किळस आली. ती उठून उभी राहिली. पुढे कुठे शोधायचं तेही कळेना. मग तिने डोकं वर केलं आणि समोरच्या कड्याकडे बघून, आईच्या भाषेत, होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक घातली. मी कोण, माझी आई कोण, माझी आजी कोण. तुमच्याच घरची आहे. तो म्हातारा माणूस माझा मामा आहे. त्याला सांभाळा, मला दाखवा, मला परत द्या. मधेच शब्द संपले तेव्हा तिने आधीचेच पुन्हा म्हटले. मॉइराला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने टोपी काढून हातात धरली.

कड्यावरून आवाज घुमून परत आला आणि विरला. एक कावळा ओरडला.

मग उताराच्या खालून, जळलेल्या पट्ट्याच्या पलीकडून, काठी झाडावर आपटल्याचा आवाज आला. ठक. ठक ठक.

आणि त्यामागोमाग माणसाचा, बसलेल्या घशातून निघालेला: "चूक! 'माझा मामा' नाही म्हणालीस तू! 'माझा नातू' म्हणालीस! सत्तर वर्षांचा नातू कुठून आणू मी तुला?"

रोविना पळत सुटली. राख उडवत, ओंडक्यांवरून उड्या मारत, दोनदा पडून. उताराखाली एक आटत आलेला डोह होता आणि त्याच्या उभ्या, मातीच्या काठाखाली हेक्टरमामा चिखलात बसला होता. कमरेपर्यंत चिखल, दाढीत चिखल, गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. शेजारी विझत आलेली शेकोटी आणि उताणी पाडलेली दोन लांब मानेची कासवं. एकाचं नुसतं रिकामं कवच उरलं होतं.

तिने काठावरून खाली उडी टाकली आणि त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. बोलायला गेली तर हुंदकाच फुटला.

"हळू गं पोरी. रात्रभर वाचलो तो तुझ्या हातून मरायला का?"

"ती आग! मामा, मला वाटलं तू त्या आगीत…"

"आग? ती मीच लावली की. इथलं गवत अजून उभंच, गळ्यापर्यंत, परत जायचं तर वाट दिसेना. वारा कड्याकडून होता, म्हणून पाणी गाठल्यावर काडी ओढली. म्हटलं रस्ताही मोकळा होईल आणि कुणाला धूरही दिसेल." त्याने आभाळाकडे हात केला. "पण या वर्षी मुलुखभर सगळ्यांना एकाच वेळी काड्या ओढायची हौस आली."

मॉइरा सावकाश उतरून आली. तिने त्याची नाडी बघितली, डोळे बघितले, गुडघा दाबला तशी मामाने एक सणसणीत शिवी हासडली. ती ऐकून मॉइरा हसली. "हा ठीक आहे. पाणी प्यायलाय, खाल्लंही आहे. गुडघा मात्र आतून पिरगळलाय." तिने खिशातली डबी काढून गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. "ही घ्या. माझ्यासमोर."

मामाने गोळी निमूट गिळली. वस्तीवरच्या कुणी हे पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

"पण आलास कशाला इकडे?" रोविनाने डोळे पुसत विचारलं. "गाडी सोडून, गोळ्या सोडून?"

मामा थोडा ओशाळला. त्याने काठीने कासवाला टोचलं. "पहिल्यांदा वाट चालून येणार होतीस. पहिल्यांदा चालून आल्यावर डब्यातलं मांस खायला घालायचं तुला? गाडी रुतली तेव्हा म्हटलं, डोह जवळच आहे, दोन कासवं काढू आणि अंधार पडायच्या आत परत. काढलीही. मग हा काठ चढायला गेलो आणि गुडघ्याने कट्ट केलं." तो आवाज खाली आणून म्हणाला, "सकाळी ऊन आलं तेव्हा वाटलं, काही खरं नाही. हाक मारून मारून घसा बसला होता. मग वर कुणीतरी आपल्या भाषेत बोलायला लागलं. आधी मला वाटलं, म्हातारेच न्यायला आलेत."

"आणि?"

"मग तू 'नातू' म्हणालीस. म्हटलं, एवढ्या चुका ते करणार नाहीत. ही आपलीच आहे."

रोविना हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. या वेळी तिला ते थांबवावंसं वाटलं नाही.

तिने फोन लावला. मामीने पहिली घंटा पुरी वाजू दिली नाही.

"सापडला, मामी. गुडघा सुजलाय, बाकी ठीक आहे. कासवांच्या डोहापाशी आहोत, पोरांना दोर घेऊन इकडेच पाठव. मग तीच गाडी पुढे संगमावर, तिथे तीन पाहुणे बसलेत."

"बोलतोय का?"

"बोलतोय. माझ्या चुका काढतोय."

पलीकडे मामीने एक लांब श्वास सोडला. मग मामीचा आवाज एकदम बदलला. "दे. त्याच्याकडे दे फोन."

मामाने दोन्ही हात हलवून नको नको केलं, डोळे मिटून घेतले, मान टाकून झोपेचं सोंग केलं. रोविनाने फोन त्याच्या कानाला लावला. मामीचे शब्द मॉइरापर्यंतही पोचत होते, आणि भाषा येत नसूनही ती प्रत्येक वाक्यावर मान डोलावत होती.

रोविनाने शेकोटीत काटक्या सारल्या, फुंकर घालून जाळ केला आणि दुसरं कासव निखाऱ्यांवर उताणं ठेवलं. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. मांस शिजल्याचा वास सुटला तेव्हा कुठे तिला ते जाणवलं. मामीचं अजून चालूच होतं.