हिरोशिमाला जायचं राहिलं

पहिलं एशियाड? एकावन्न, दिल्ली. कबड्डी पदकासाठी कधी आली? नव्वद, बीजिंग. बायकांची? दोन हजार दहा, ग्वांगझू. लातूरच्या भरती अकॅडमीत रोज दोन बॅचना हेच सांगून राहिलो मी. पोरं लिहून घेतात, मान वर करत न्हाईत. एका मार्काच्या प्रश्नाला मान कशाला वर करायची म्हणा.

फक्त चौऱ्याण्णव, हिरोशिमा आलं की मी थांबतो. पोरांना ठाऊक असतं, वैजनाथ सर आता स्वतःचं सांगणार. किल्लारीचा गडी, चढाईला तरबेज, दिल्लीहून निवड चाचणीचं पत्र आलेलं. आणि गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे भूकंपात गाव पडलं. आई गेली, घर गेलं, मग कसली चाचणी. पंचवीस वर्षं झाली. आता सांगायचासुद्धा कंटाळा येतो.

थोरला भाऊ रामकिशन, त्याची पोरगी ऋतुजा याच अकॅडमीत हाय. तीही कबड्डी खेळती. माझ्यापेक्षा चांगली खेळती, खोटं कशाला बोलू. भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर नोकरीत राखीव जागा मिळती, पण घरातल्या एकालाच. तो दाखला आम्ही तिच्या नावावर केला, आणि रामकिशननं सगळी आस त्यावर ठेवली. यंदा नेमकं भरतीची लेखी आणि एशियाडचं सराव शिबिर एकाच दिवशी आलं.

दोन दिवसांनी ती मैदानावर आली, शिबिराला नकार कळवला म्हणाली. बुटाची नाडी सोडत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

"काका, तुम्ही घरापायी हिरोशिमा सोडलं. मला तर नुसती परीक्षा द्यायची हाय."

खरं तर तिथं गप्प बसलो असतो, सवयच झालेली. पण विशीतली पोरगी माझ्यासारखी थकून बोलून राहिली, ते मला सोसलं न्हाई.

"दुसरं पत्र आलं होतं," मी म्हणालो. "दिवाळीनंतर. चाचणी पुढं गेलीय, तुमची जागा ठेवलीय म्हणून. तुझ्या बापानं तिकीट काढून दिलं. मी सोलापूर स्टेशनावरून परत आलो. भ्यालो होतो, पोरी. तिथं हरलो असतो तर भूकंपावर ढकलता आलं नसतं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाबांना हे ठाऊक हाय का, एवढंच विचारलं. हाय म्हणालो, पण माझी लाज राहावी म्हणून कुणाला एकदाही सांगितलं न्हाई त्यानं.

मग तिथूनच शिबिर घेणाऱ्या मॅडमला मीच फोन लावला. नकार माझ्यामुळं गेला, पोरीला घ्या म्हणून गयावया केली. मॅडम वैतागल्या. जागा दुसरीला दिलीय, फार तर राखीव खेळाडूंत बघते, आणि पोरीची खात्री कोण देणार, म्हणाल्या. फोन स्पीकरवरच होता. ऋतुजानं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"भीती वाटती मॅडम," ती म्हणाली, "पण मी येते."